परदेशी, राहणार करोल बाग

"अंग्रेज मॅडम कहाँ हैं?" जिना चढून गच्चीवर आलेल्या हवालदाराने धापा टाकत विचारलं.

अलकनंदा उन्हात मटार सोलत बसली होती. मांडीवरचं ताट खाली ठेवून ती उठली. "मैं ही हूँ."

हवालदाराने कागदावर डकवलेला फोटो पाहिला. मग तिच्याकडे पाहिलं, तिच्या अंगावरच्या जुन्या काश्मिरी शालीकडे पाहिलं आणि ओशाळून हसला. "अच्छा. नाम पढा था, पर पासपोर्ट इंग्लंड का है ना, तो सोचा…"

"कोण आहे गं?" भालचंद्ररावांनी पेपर खाली घेतला.

"पोलीस ठाण्यातून आलेत, नाना. व्हिसाच्या चौकशीला."

चौऱ्याण्णव सालचा जानेवारी होता. लग्न होऊन लेस्टरला गेलेली अलकनंदा नवऱ्याच्या माघारी, तिथलं घर बंद करून, वडिलांपाशी परत आली होती. नोएडात एका प्रकाशन संस्थेत तिने नोकरी धरली होती. पण पासपोर्ट तिकडचा. इथे नोकरी करायची तर व्हिसा हवा, आणि तो या महिन्यात संपत होता. वाढवून मिळायचा तर ती सांगितलेल्या पत्त्यावरच राहते, असा पोलिसांचा रिपोर्ट लागणार होता.

हवालदार वेताच्या मोढ्यावर टेकला. पॅड गुडघ्यावर ठेवून त्याने पेन उघडलं. "इस पते पर कब से हैं?"

अलकनंदाची नजर गच्चीवरून फिरली. उन्हाळ्यात संध्याकाळ झाली की याच गच्चीवर बादल्यांनी पाणी मारायचं काम तिच्याकडे असे. तापलेल्या फरशीतून वाफ निघायची, मातीचा वास सुटायचा. मग ओळीने खाटा पडायच्या. शेजारच्या गच्चीवरून सरदारजींचा रेडिओ ऐकू यायचा आणि आई सुरईवर ओलं फडकं गुंडाळता गुंडाळता हळूच गुणगुणायची. नाना उताणे पडून तारे दाखवायचे. त्यांना चारच नावं ठाऊक होती. बाकीच्यांना ते ऑफिसातल्या लोकांची द्यायचे.

"पिछले साल फरवरी से," ती म्हणाली.

"अडतालीस से," भालचंद्रराव म्हणाले. "लिखिये. नीचेवाले कमरे में पैदा हुई है."

"वो तो ठीक है, बाबूजी. पर वीजा जब से है, तब से लिखना पडता है." हवालदाराने फेब्रुवारी लिहिलं आणि कागद त्यांच्यापुढे धरला. "यहाँ साइन कर दीजिये. मकान मालिक के नाते."

भालचंद्ररावांनी चष्मा चढवला. सगळी हयात त्यांनी केंद्र सरकारच्या फायली वाचण्यात घालवली होती, वाचल्याशिवाय सही केली नव्हती. एकच ओळ होती. ती त्यांनी दोनदा वाचली. वर उल्लेख केलेली विदेशी व्यक्ती माझ्या घरात राहते.

"हे खोटं आहे," ते मराठीत म्हणाले.

"नाना."

"विदेशी कोण आहे इथं?" ते हवालदाराकडे वळले. "इसे काटकर 'मेरी बेटी' लिखता हूँ."

"कागज वापस आ जायेगा, बाबूजी. फिर मॅडम को ही चक्कर काटने पडेंगे." हवालदार कुठेही चढ्या आवाजात बोलला नाही. त्याला हे रोजचंच असावं.

भालचंद्ररावांनी कागद मांडीवर ठेवला. वाऱ्याने तो उडू नये म्हणून त्यावर हात ठेवला, पण पेन घेतलं नाही.

"तुझ्या लग्नात मामा म्हणाले होते, मुलगी म्हणजे परक्याचं धन. भर मांडवात मी त्यांच्याशी भांडलो होतो. तुझी आई किती दिवस माझ्याशी बोलत नव्हती. आणि आता मीच माझ्या हाताने ते लिहून देऊ?"

अलकनंदा त्यांच्या खुर्चीपाशी उकिडवी बसली. लहानपणी त्यांच्या बुटांची नाडी बांधून द्यायला बसायची, तशी. त्यांचा हात गार पडला होता. तिने तो आपल्या दोन्ही हातांत धरला.

"तुम्ही लिहून दिलंत, तरच मला इथं राहता येईल," ती म्हणाली. "नाहीतर महिनाअखेर परत जावं लागेल, नाना."

खालच्या गल्लीत तिळाची गजक-रेवडी विकणारा ओरडत गेला. भालचंद्रराव त्याचा आवाज दूर जाईपर्यंत तसेच बसून राहिले. मग त्यांनी हात पुढे केला. हवालदाराने पेन दिलं. सही त्यांनी पूर्ण नावानिशी केली, आडनावासकट, आणि खाली तारीख घातली.

"मटार घेऊन जा थोडे," ते अलकनंदाला म्हणाले. "चहाबरोबर परतून आण यांना. लांबून आलेत."

हवालदार नको नको म्हणाला, पण उठला नाही. ती ताट घेऊन जिन्याकडे निघाली, तेव्हा तो कागदावरून पेन फिरवत होता. शेवटी एक रकाना राहिला होता.

"बाबूजी, और कितना रुकेंगी मॅडम?"

अलकनंदा जिन्याच्या दारात थांबली.

"जब तक मैं हूँ," भालचंद्रराव म्हणाले.

हवालदाराने मान वर केली. त्यांच्या सुरकुतलेल्या गळ्याभोवतीच्या मफलरकडे, मांडीवर पडलेल्या हातांकडे पाहिलं.

"एक साल लिख देता हूँ, बाबूजी," तो हलकेच म्हणाला. "बाद में बढ जाता है."