गावचा भाचा

"माणसाला पुरेसं मिळालं की तो आपणहून थांबतो, हे जगाला या किहीम गावानं शिकवलं!" मोठा पुरस्कार घेऊन मामाच्या गावी सत्काराला आलेले अर्थशास्त्रज्ञ डॉ. हरेश्वर ठाकूर व्यासपीठावरून गरजले. टाळ्या कडाडल्या. ज्यांनी वाजवल्या नाहीत, ते मागं दुसऱ्यांदा बटाटेवडे घेत होते.

विद्यार्थी असताना हरेश्वरनं इथल्या घराघरांत जाऊन एकच प्रश्न विचारला होता, "आहे त्यात भागतं का?" झाडून सगळ्या घरांनी "भागतंय की" असं सांगितलं. त्या उत्तरावर आधी डॉक्टरेट मिळाली, मग प्राध्यापकी, मग परदेशातली व्याख्यानं आणि आता हा पुरस्कार.

सत्कार आटोपल्यावर डॉक्टर वड्याची बशी घेऊन गोदूमामीशेजारी टेकले. "मामी, आठवतं? तेव्हा एकही घर 'कमी पडतं' म्हणालं नव्हतं."

"कसं म्हनंल?" मामी हसली. "गावचा भाचा दारात आलेला. त्याच्यापुढं घरात कमी हाय असं कोन सांगंल?"

डॉक्टरांनी उचललेला वडा परत बशीत ठेवला. अख्खी कारकीर्द डोळ्यांसमोरून सरकली. "म्हणजे... कुणाचंच भागत नव्हतं?"

"न्हाय रं बाबा. तुला च्या दिला, नि आमची साखर संपली."

मामीनं डॉक्टरांच्या बशीत डोकावून पाहिलं.

"आता येवढं सांगितलंच हाय, तर आनखी सांगते. तो वडा खानार नसशील तर इकडं दे. दोनांत माजं भागलं न्हाय."