मरणारी क्लिओपात्रा

परकी बाई चित्रासाठी घरात बसवायची म्हटलं की आई आकांडतांडव करते, म्हणून माझ्या चित्रांतली प्रत्येक राणी म्हणजे माझी बायको कार्मोझिना. या खेपेला क्लिओपात्रा होती. नाग डसलेली, गादीवर कलंडलेली, डोळे अर्धवट मिटलेली. नागाऐवजी बाजारातली सापासारखी लांब, जिवंत वाम मासळी तिच्या हातावर ठेवायची आणि संध्याकाळी तीच तळायची. माझं काम चालू असेपर्यंत पोरांनीच काय, आईनेही कार्मोझिनाला हाक मारायची नाही, असा दंडक होता.

नेपल्सचे रेशीमवाले डॉन फेरांते पुऱ्या झालेल्या चित्रापुढे बराच वेळ उभे राहिले. "मरणाचा एवढा थकवा मी कुठल्याच चित्रात पाहिला नाही," म्हणाले, आणि जोडीला आणखी एक राणी रंगवायला सांगून गेले.

मी लगेच स्वयंपाकघरात जाऊन कार्मोझिनाला बातमी दिली.

"आता सोफोनिस्बा. शत्रूच्या हाती लागू नये म्हणून विषाचा पेला पिते बिचारी."

तिच्या कडेवर धाकटं रडत होतं आणि हातात झारा होता. कढईवरची नजर न काढता तिने एवढंच विचारलं,

 

"पडून पिते की उभ्याने?"