दोनशे एकावा फॉर्म

“दोनशेपैकी दोनशे! आणि एकही रकाना रिकामा नाही,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि औषधांच्या खिडकीपाशी जमलेल्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पेनवाली लाजून चूर झाली. सरकारी दवाखान्यात अकरा वर्षं कंत्राटी मदतनीस म्हणून राबताना तिच्यासाठी कुणी टाळी सोडाच, चुटकीसुद्धा वाजवली नव्हती.

महिन्यापूर्वी मुख्य कार्यालयातून फॉर्मचा गठ्ठा आला होता. लोकांना सेवा कशी वाटते ते विचारा, त्यावरून सुधारणा करू, असं सोबत पत्र होतं. ते काम कुणालाच नको होतं, म्हणून हिच्या गळ्यात पडलं. पेन कुणी ढापू नये म्हणून तेही तिनं सुतळी बांधून गळ्यातच अडकवलं. तेव्हापासून ती पेनवाली.

तिनं काम मन लावून केलं. कुठेकुठे माणसं चहा पीत, बसल्या जागी सगळे फॉर्म भरून टाकतात, हे तिला ठाऊक होतं. तिनं तसलं काही केलं नाही. रांगेतल्या एकेकापाशी जाऊन विचारलं. चौथा प्रश्न होता, ‘दवाखान्यात येण्यास काही अडचण होते का?’ लोक आधी फॉर्मकडे बघायचे, मग तिच्या चेहऱ्याकडे. घामेजलेली, पायाचे तुकडे पडलेली बाई. कशाला हिच्या डोक्याला ताप, असं त्यांच्या मनात यायचं की काय, कुणास ठाऊक. “नाही हो, काही अडचण नाही. लिहा,” म्हणायचे. एक आजोबा मुलाच्या पाठुंगळी बसून आले होते. तेही म्हणाले, “अडचण कसली? घरचा घोडा आहे की!” रांग खो खो हसली. घोडा धापा टाकत होता. तिनं ‘नाही’वर खूण केली. सांगतील तेच लिहायचं, अशी सूचना होती.

तिच्या घरी, तीन जिने चढून वर, खिडकीपाशी आईची खाट होती. चार वर्षांपूर्वी आईचं कमरेखालचं अंग गेलं. दर बुधवारी दवाखान्याची गाडी यायची. सिस्टर लघवीची नळी बदलायच्या, पाठीची जखम धुऊन बांधायच्या. एकदा सिस्टर रजेवर होत्या, तर नळी तुंबली आणि आई नऊ दिवस तापानं फणफणली. वाचली ती नशिबानं.

“मलाही विचार की गं एकदा,” आई रोज चिडवायची.

“दवाखान्यात आलेल्यांनाच विचारायचं असतं, आई. नियम आहे.”

“बरं बाई. पंख फुटले की येते.”

टाळ्या थांबल्यावर डॉक्टरीणबाईंनी दुसरा कागद वाचायला घेतला. लोकांच्या अभिप्रायावरून असं दिसून येतं की, दवाखान्यात येण्यास कुणालाही अडचण नाही. सबब घरी जाऊन देण्याची सेवा पुढच्या महिन्यापासून बंद. गाडीच्या खर्चात रांगेसाठी नवी बाकं.

बाकं म्हटल्यावर पुन्हा टाळ्या पडल्या. पेनवालीचे हात वर आले आणि तसेच राहिले.

“पण मॅडम,” सगळे पांगल्यावर ती म्हणाली, “ज्यांना येताच येत नाही, त्यांना कुणी विचारलं?”

“तुम्हीच तर विचारलंत ना सगळ्यांना?”

मग डॉक्टरीणबाईंना तिची आई आठवली असावी. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. “शुक्रवारपर्यंत हरकत घेता येते,” त्या हळूच म्हणाल्या. “पेशंटनं स्वतः याच फॉर्मवर सांगायचं, अंगठा द्यायचा. एक जरी आली तरी मी वर भांडेन. पण हरकत आली की आधी फॉर्म कुणी भरले त्याची चौकशी होते. आणि तुम्हाला कायम करायच्या कागदावर मी आजच सही केलीय. याच कामावर.”

गठ्ठ्यात एक फॉर्म जास्तीचा आला होता. तो आणि शाईचा डबा पिशवीत टाकून ती घरी निघाली. तिसऱ्या जिन्यावर तिचं ठरलं होतं. नोकरी गेली तर गेली. चार घरची भांडी घासता येतील.

बुधवार होता. सिस्टर येऊन गेल्या होत्या. खोलीला औषधाचा वास होता, आईच्या पाठीला ताजी पट्टी होती.

“टाळ्या वाजवल्या म्हणे तुला,” आई म्हणाली. “सिस्टर सांगत होती. कायमची होणार म्हणे आता.”

“आणखी काय सांगितलं?”

“सगळंच सांगितलं. पोटात काही राहतं का तिच्या? गाडीचं सांगितलं, चौकशीचं सांगितलं. रडत होती बिचारी. मीच तिची समजूत काढली.”

पेनवाली खाटेच्या कडेवर बसली. फॉर्म मांडीवर ठेवला, शाईचा डबा उघडला. गळ्यातलं पेन हातात घेतलं.

“आई, आता नियमानं विचारतेय. माझा विचार करायचा नाही. खरं असेल तेच सांगायचं. दवाखान्यात येण्यास काही अडचण होते का?”

आईनं आधी फॉर्मकडे बघितलं. मग तिच्या चेहऱ्याकडे.

“नाही हो,” आई म्हणाली आणि अंगठा पुढे केला. “काही अडचण नाही. लिहा.”