साठपैकी साठ

सिंधूताईंनी कल चाचणीच्या दोन उत्तरपत्रिका शेजारी शेजारी ठेवल्या आणि प्रश्नांवरून बोट फिरवत खाली आल्या. विसाव्या प्रश्नाला बोट थांबलं. पुढचे चाळीस बघायची त्यांना भीती वाटली, तरी बघितले. साठच्या साठ उत्तरं सारखी होती.

एक पत्रिका आजची, काजलची. दुसरी चार वर्षांपूर्वीची, तिच्या भावाची. अश्विन आता नव्हता. नागपूरला क्लासला येताना भंडारा रोडवर ट्रकखाली गेला. गावात, मौद्यात राहून भागायचं नाही, रोज जाणं-येणं कर, असं त्याला सिंधूताईंनीच सांगितलं होतं, धरमपेठेतल्या याच खोलीत. निवृत्त झाल्यापासून त्या इथे पोरांना पुढे काय शिकायचं ते फुकट सांगत. पण अश्विननंतर त्यांनी कोणालाही कुठला क्लास सुचवला नव्हता.

"पाहा मॅडम, मी म्हणत होतो ना," काजलचे वडील रुपराव म्हणाले. पोराची जुनी पत्रिका लॅमिनेशन करून तेच घेऊन आले होते. "एकच रक्त हाय. इलेक्ट्रिकलच निघते. आज इंजिनिअरिंगच्या फॉर्मची शेवटची तारीख हाय. पाचच्या आत भरून टाकू."

रुपराव हसत होते. बरेच दिवस बंद असलेल्या पंपाचं पाणी यावं तसं ते हसू अडखळत येत होतं. शेजारी काजल मांडीवर हात ठेवून बसली होती आणि बापाच्या तोंडाकडे बघत होती.

गप्प बसणं सोपं होतं. पोरीचे मार्क पुरेसे होते, कॉलेजही मिळालं असतं, आणि एका बापाला त्याचा पोरगा परत मिळत होता. सिंधूताईंना मोह झाला, खोटं कशाला बोलायचं. चार वर्षं छातीवर बसलेलं ओझं थोडं हलकं झालं असतं.

"काजल," त्या म्हणाल्या, "'उंचावर चढून काम करायला आवडते', याला तू हो लिहिलंस. मघाशी जिना चढताना तर तू कठडा सोडत नव्हतीस."

काजल खाली बघू लागली.

"दादाचं तसंच हाय ना, मॅडम. त्याचा कागद देवघरात राहते. बाबा रोज संध्याकाळी मोठ्यानं वाचतात. मले पाठ झाला."

"अन् त्याचंच लिहिलं तू?" रुपरावांचा आवाज चढला नाही, उलट बसला. "काहून वं?"

"मी दादासारखं काही केलं की तुमी पोटभर जेवता, बाबा."

सिंधूताईंनी कपाटातून एक कोरी पत्रिका काढली आणि काजलपुढे ठेवली.

"आता तुझं लिही, बाळ."

"मॅडम, पाच वाजता..."

"माहीत आहे, रुपरावजी. लिहू द्या तिला."

घड्याळात तीन वाजले होते. काजलने नाव लिहिलं, पहिला प्रश्न वाचला, पेन टेकवलं आणि उचललं. मग दुसरा वाचला. ओठ हलत होते. एकदा तिने सवयीने 'हो' लिहिलं आणि लगेच खोडलं, इतकं जोरात की कागद फाटला. रुपराव खुर्चीत पुढे सरकून बघत राहिले. मधेच त्यांनी जुनी पत्रिका उचलून उपडी ठेवली, परत सुलटी केली.

चार वाजायला आले तेव्हा साठपैकी तीन प्रश्न झाले होते.

"बाकीचे?" सिंधूताईंनी विचारलं.

"येत नाही."

"यात येण्या न येण्यासारखं काय आहे? तुला आवडतं की नाही, एवढंच लिहायचं."

"तेच येत नाही, मॅडम."

रुपरावांनी पत्रिका हातात घेतली. जनावरांची देखभाल करायला आवडते, हो. अनोळखी लोकांशी बोलायला आवडते, हो. एकट्याने काम करायला आवडते, नाही. त्या तीन ओळी त्यांनी दोनदा वाचल्या. मग मान वर करून ते पोरीकडे बघत राहिले. बाजारात एखाद्याने नावाने हाक मारावी आणि आपल्याला तो कोण ते आठवू नये, तसं त्यांचं झालं. त्यांचे डोळे भरले होते, आणि सिंधूताईंचेही.

"मॅडम," ते म्हणाले, "या पोरीले मी ओळखत नाही."

"मीबी नाही, बाबा," काजल म्हणाली आणि तिने कागद परत मागायला हात पुढे केला.