हाताचा गुण

“झाकणाला हात लावू नकोस. मीच रचते,” असे म्हणून थोरल्या जावेने धाकटीच्या हातातला डबा काढून घेतला.

हॉटेलच्या खोलीतला फ्रीज जेमतेम गुडघ्याएवढा होता. थोरलीने त्यातल्या सरबताच्या बाटल्या आणि चॉकलेटे बाहेर काढून खिडकीच्या कट्ट्यावर मांडली, आणि त्या जागी चार दिवसांचे अन्न रचण्यास आरंभ केला. भाजी, भात, उकडलेले बटाटे, दही. प्रत्येक डब्यावर वाराची चिठ्ठी होती. सासऱ्यांना बाहेरचे अन्न सोसत नसे. म्हणून दर वर्षी सहलीला घरचे रांधलेले बरोबर येई. धाकटीच्या खोलीतही असाच एक फ्रीज होता. यंदा त्यात केवळ पाण्याच्या बाटल्या होत्या.

मागील वर्षी याच हॉटेलात निम्मे अन्न धाकटीने रांधले होते. ते तिच्या खोलीतल्या फ्रीजमध्ये होते आणि थोरलीचे थोरलीच्या. मंडळी दिवसभर भटकून परतली. सर्दीने नाक चोंदलेल्या सासऱ्यांनी धाकटीची भाजी मिटक्या मारीत खाल्ली, आणि पुढचे दोन दिवस ते ओकत अंथरुणाला खिळले. मग सर्वांसमक्ष डबे उघडण्यात आले. धाकटीचे अन्न आंबले होते. थोरलीचे जणू आत्ताच चुलीवरून उतरवलेले. “एकीच्या हाताला गुण असतो, एकीच्या नसतो,” एवढेच थोरली म्हणाली. तेवढे पुरले.

त्या दिवसापासून घरच्या ओट्यापाशी धाकटीला मज्जाव झाला. थोरले दीर तिला थट्टेने ‘विरजण’ म्हणू लागले. ही दुधाकडे नुसती पाहते आणि दही तयार होते, असे ते पाहुण्यांना सांगत. सगळे हसत. तिचा नवराही हसे, आणि कचेरीत डबा उघडला की आधी हुंगून पाही. धाकटीने त्या दिवसाची मनाशी शंभरदा उजळणी केली. भांडी उकळत्या पाण्याने धुतली होती. भाजी पुरती गार करून भरली होती. फ्रीजचे दार दोनदा ओढून पाहिले होते. चूक काही केल्या सापडत नव्हती. वर्षभर तिने तोंड दाबून बुक्क्यांचा मार सोसला आणि अंतःकरणात डूख धरला. एकदा, फक्त एकदा, थोरलीचे अन्न नासले पाहिजे. त्यासाठी त्या खोलीत एकटीने जायचे आणि फ्रीजची पिन उपसायची, की काम फत्ते.

संधी दुसऱ्याच सकाळी चालून आली. मंडळी गाडीत बसली होती. सायंकाळपर्यंत परतणे नव्हते. ऊन रणरणत होते आणि थोरलीची टोपी वर राहिली होती. धाकटी म्हणाली, मी आणते. थोरली घाईघाईने म्हणाली की नको, टोपीवाचून काही अडत नाही. परंतु थोरल्या दिरांनी खिशातून खोलीचे कार्ड काढून धाकटीला दिलेसुद्धा. जा विरजणबाई, पण फ्रीजकडे बघू नका, असेही ते म्हणाले. गाडीभर हशा पिकला. थोरली तेवढी हसली नाही.

त्या हॉटेलात किल्लीऐवजी कार्ड असे. दाराला लावले की दार उघडे. आत भिंतीवरच्या खाचेत बसवले की दिवे लागत, आणि जाताना काढून घेतले की खोलीत अंधार होई. धाकटीला एवढेच ठाऊक होते.

तिने दार उघडले. कार्ड अद्याप तिच्या हातातच होते. तरीही कोपऱ्यात फ्रीज गुरगुरत होता.

ती जागीच थबकली. आपल्या खोलीतला फ्रीज आपण बाहेरून येताच कधी गुरगुरत नसतो, हे तिला आठवले. कार्ड खाचेत गेल्यावरच तो दचकून जागा होई. तिने भिंतीकडे पाहिले. खाचेत आधीच एक कार्ड बसवलेले होते. तिने ते उपसले. फ्रीज एकदा थरथरला आणि मुका झाला. तिने ते पुन्हा बसवले. फ्रीज बोलू लागला. पुन्हा उपसले. मुका.

ते कार्ड घेऊन ती दाराच्या उजेडात आली. कार्डावर तिचे स्वतःचे छायाचित्र होते. ते तिचे वाचनालयाचे कार्ड होते. मागील वर्षी सहलीच्या पहिल्याच दिवशी ते हरवले होते. तेव्हा तिच्याबरोबर थोरलीनेही शोध घेतला होता. पलंगाखाली वाकून, पदर खोचून.

फ्रीजची पिन उपसण्याची आता गरज उरली नव्हती. धाकटीने टोपी उचलली आणि दार लावून घेतले.

खाली येऊन तिने खोलीचे कार्ड दिरांना परत केले. टोपी तिने आपल्या हातांनी थोरलीच्या डोक्यावर नीट बसवली. मग तिच्या शेजारी बसून तिने मूठ उघडली.

“जाऊबाई, माझं वाचनालयाचं कार्ड सापडलं. गेल्या वर्षी आपण दोघींनी शोधलं ना, तेच.”

सासूबाईंना फार आनंद झाला. एवढे वर्षभर होते तरी कुठे, असे त्यांनी विचारले. धाकटी म्हणाली की ते संध्याकाळी सांगते, सगळे डबे उघडल्यावर.

सासऱ्यांनी पुढून मान वळवून नेहमीचा प्रश्न केला, वर काही राहिले तर नाही ना. चालकाने किल्ली फिरवली होती. थोरलीने तिसऱ्या मजल्यावरच्या, ऊन खात असलेल्या बंद खिडकीकडे पाहिले. नंतर धाकटीच्या मुठीकडे पाहिले.

“नाही,” ती म्हणाली. “चला.”