चाकापुढची लिंबं

रंगनाथ ढमढेरे सकाळपासून चारदा गेटपर्यंत जाऊन आले होते. शहरात खाजगी गाड्या बंद होऊन नऊ वर्षं झाली, तरी दसऱ्याला गाडीची पूजा केल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. आता गाड्या सगळ्यांच्या, बिनचालकाच्या. बोलावलं की दारात यायच्या आणि जेमतेम तीन मिनिटं थांबायच्या. त्यांनी घाईघाईनं हार घातला, कुंकू लावलं, चारही चाकांपुढे लिंबं ठेवली आणि बायकोशेजारी, शालनताईंजवळ, जाऊन बसले.

गाडी हलेना.

"चाकापुढे काहीतरी आहे. कृपया बाजूला करा," गाडी म्हणाली.

"अगं बाई, ते चिरडायचंच असतं! चल पुढे!"

"चाकाखाली मी काहीच घेत नाही."

मागे दुसरी गाडी थांबली, मग तिसरी. आतली माणसं माना बाहेर काढून बघू लागली. ढमढेऱ्यांना घाम फुटला.

"स्वतःची गाडी असती ना, तर एव्हाना कोपऱ्यावर पोचलो असतो!"

"होती की," शालनताई खिडकीबाहेर बघत म्हणाल्या. "त्या दसऱ्याला तिनं चारही लिंबं चिरडली. आणि संध्याकाळी तुम्ही ती मागे घेत होतात, तेव्हा आपली मुक्ता मागे खेळत होती."

ढमढेरे खाली उतरले आणि गुडघे टेकून एकेक लिंबू उचलू लागले. शेवटचं गडगडत गाडीखाली आत गेलं होतं. त्यासाठी कोपरापर्यंत हात घालावा लागला. मागची माणसं ओरडायला लागली.

हात पुरता बाहेर येईपर्यंत गाडी तसूभरही हलली नाही.