ओला रंग

आबांच्या खोलीच्या दाराला ऑइल पेंट मारायचा म्हणून इम्तियाज पेंटरनं कडी काढून ठेवली, त्याला चार दिवस झाले. रोज सकाळी येऊन बघावं तर ओल्या रंगात अंगठ्याचा ठसा. मग पुन्हा पॉलिश पेपरनं घासा, पुन्हा एक हात मारा. काल वैतागून त्यानं दारासमोर दिवसभर पंखाच लावून ठेवला.

"आबांना आता काही कळत नाही हो," त्यांचा मुलगा समाधान बूट घालता घालता म्हणाला. "पण आज कडी बसलीच पाहिजे. उद्यापासून माझी नि हिची, दोघांचीही फर्स्ट शिफ्ट आहे चाकणला. आणि बाहेरूनच बसवा, आधी होती तशी."

तो गेल्यावर इम्तियाजनं दार चाचपलं. रंग खडखडीत वाळला होता. त्यानं कडी आणि स्क्रू हातात घेतले.

तेवढ्यात आबा खोलीतून बाहेर आले. त्यांनी सगळा जोर लावून दारावर अंगठा दाबला आणि तोच अंगठा इम्तियाजपुढं धरला.

"अजून वला हाय रं. उद्या बसव."

अंगठा कोरडाठाक होता.